अनुभव धागा: कमी गरजा, साधं घर आणि प्रभूवरचा भरवसा

नमस्कार मंडळी. गोव्यात राहणाऱ्या मराठी वाचकांना, त्यातही ख्रिस्ती घरांतल्यांना, या धाग्यावर लिहायचं आग्रहाचं आमंत्रण. साधं राहून, मोजकं खर्चून मनाला समाधान मिळालं असेल आणि त्यात तुमच्या श्रद्धेचा हात असेल, तर तो अनुभव सविस्तर लिहा. काटकसरीच्या युक्त्या जरूर सांगा. पण घरातून विरोध झाला का, पाहुण्यांसमोर संकोच वाटला का, हातात चार पैसे आल्यावरही हे टिकलं का, हे वाचायला मला जास्त आवडेल.

सुरुवात मीच करते. आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं मराठी ख्रिस्ती घराणं. यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मडगावला आलो आणि इथलेच झालो. आता पेन्शनवर घर चालतं. पेन्शन जमा झाली की आधी दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, बाजूला निघतो, मग किराणा, मग बाकीचं. स्वयंपाकघरातल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, झाकणावरचं चित्र पार पुसून गेलंय. दशांश त्यात. त्यातला काही भाग उपासनेला जाताना दानपेटीसाठी निघतो. उरलेल्यातून कधी शेजारच्या आजींची औषधं येतात, कधी कामवाल्या बाईंच्या मुलीची वह्या-पुस्तकं. महिनाअखेरीला आमच्या खर्चाचं पाकीट रिकामं असतं, तेव्हाही डब्यात काहीतरी असतंच. त्यामुळे आपल्याकडे काही नाही असं कधी वाटलंच नाही. घरात देण्याजोगं काही आहे, ही जाणीव माणसाला फार सुखी ठेवते. साधेपणाबद्दल माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आता तुम्ही लिहा.

सासष्टी, निवृत्त शिक्षक

देव बरो दीस दिवं. माझी घरची भाषा कोंकणी, पण १९६१ नंतर आमच्या भागात मराठी प्राथमिक शाळा निघाली आणि मी तिथे शिकलो. त्यामुळे मराठीत लिहिणं जमतं, चूकभूल सांभाळून घ्या.

माझ्या आईने साधेपणावर कधी प्रवचन दिलं नाही. ती पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, भरायची. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेन्टेकॉस्ट येतो, त्या सुमारास मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चचं फेस्त (सण) असतं आणि फेरी (जत्रेचा बाजार) भरते. तिथून पावसाळ्याची बेगमी यायची. सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), गालमो (बारीक सुकी कोळंबी), मिरच्या, कांद्यांच्या माळी. घरची तयारी वेगळी. आमसुलं वाळवायची, चिंच मीठ लावून गोळे करून ठेवायची, फणसाच्या बिया मातीत घोळवून कोपऱ्यात रचायच्या, मिठाच्या पाण्यात तोरं (कोवळ्या कैऱ्या) घालायची, माडाच्या विनागरची (व्हिनेगरची) बाटली भरायची. पावसात होड्या समुद्रात जात नसत. आजही १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. ते दोन महिने आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि तोर, हे सकाळी अकराचं खाणं. मी आजही तेच खातो.

या जेवणात मला कधी उणं वाटलं नाही, कारण आई पेज वाढण्याआधी क्रूसाची खूण करायची आणि पेजेचं नाव घेऊन देवाचे आभार मानायची. रोज. आभार मानलेलं अन्न नुसतं पोटापुरतं राहत नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दुसरी गोष्ट लादायनीची, म्हणजे सामुदायिक प्रार्थनागीताची. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाला (क्रूसाला) चुना काढायचा, फुलं वाहायची, संध्याकाळी मेणबत्त्या लावून सगळ्यांनी मिळून लादायन गायची. नंतर उकडलेले चणे, मोठ्या माणसांना घोटभर फेणी. खर्च वाड्यावरच्या घरांत वाटून. श्रीमंताच्या आणि मजुराच्या हातात सारखेच चणे पडायचे. हल्ली काही वाड्यांवर या कार्यक्रमाला केटरर येतो, मंडप पडतो. मला ते पटत नाही. ज्याला तेवढा खर्च झेपत नाही तो पुढच्या वर्षी येतच नाही.

वास्को, गृहिणी

सर, फार छान लिहिलंत. एक शंका खूप वर्षं मनात आहे. उद्याची चिंता करू नका, आकाशातल्या पाखरांकडे पाहा, असं प्रभू सांगतो. मग चार महिन्यांची बेगमी करणं म्हणजे भरवसा कमी पडणं का?

सासष्टी, निवृत्त शिक्षक

बाई, हीच शंका मी आमच्या जुन्या विगाराला (चर्चच्या मुख्य धर्मगुरूंना) विचारली होती. त्यांनी बायबलातल्या निर्गमाचा सोळावा अध्याय काढून दिला. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळे तो रोजच्यापुरता. हावेने सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा आणि शब्बाथासाठी (विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी) राखायचा, ही देवाचीच आज्ञा होती आणि तो राखलेला मान्ना नासला नाही. ठेवण्यात दोष नव्हता, कशासाठी ठेवता ते बघायचं. लूकच्या बाराव्या अध्यायातल्या श्रीमंताने मोठी कोठारं बांधायचं ठरवलं ते एकट्याच्या चैनीसाठी. आमच्या आईच्या बेगमीतून ऐन श्रावणात तीन घरांना सुकी मासळी जायची.

पणजीजवळ, परिचारिका

मूळची मिरजेची. मला थोडं वेगळं लिहायचंय, कोणी गैरसमज करून घेऊ नये.

साधेपणाचं कौतुक करताना गरिबीचं कौतुक होऊ देऊ नका. वॉर्डात मी अशी माणसं बघते की जी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात, म्हणजे पाकीट दुप्पट पुरतं. विचारलं तर म्हणतात, देव बघून घेईल. देव बघतोच, पण त्यासाठीच त्याने डॉक्टर आणि औषध दिलंय. ज्याला निवड करता येते त्याचीच काटकसर. ज्याच्या हातात निवडच नाही, त्याला समाधानाचा धडा देण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याच्या घरी जाऊन तांदूळ द्यावेत.

हे काम करणारी माणसं इथे आहेत. बऱ्याच पॅरिशमध्ये (चर्चच्या विभागांत) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद असतात, १८३३ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही संस्था. सभासद जोडीने घरोघरी जातात, बसतात, विचारपूस करतात, मग मदत ठरते. आधी बसतात हे मला महत्त्वाचं वाटतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी एका खोलीत राहते. एक पलंग, एक कपाट, खिडकीत तुळस आणि पुदिना. भावाच्या शिक्षणाला पैसे पाठवते. सोनं घेत नाही, त्यावरून मावश्या बोलतात, लग्नाचं वय निघून चाललंय म्हणतात. मला ते लागत नाही असं नाही, लागतं. पण रात्रपाळीला निघण्याआधी दहा मिनिटं स्तोत्र वाचते आणि वॉर्डात पोचेपर्यंत मन जागेवर आलेलं असतं. खाणं, औषध आणि शिक्षण या तीन गोष्टींत मी पैसा वाचवत नाही. बाकी सगळ्यात वाचवते.

मडगाव, धागाकर्ती

बाळा, हे लिहिलंस ते बरं झालं. सगळ्यांनी नीट वाचावं.

बाणावली, माहेर सावंतवाडी

माझे यजमान तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे. क्रूझवर किचनमध्ये होते. वर्षातले आठ-नऊ महिने ते बोटीवर, मी आणि मुलं घरी. पैसा चांगला होता. घराचा वरचा मजला काढायचं ठरलं होतं, त्यासाठी गच्चीवर सळया उभ्या करून ठेवल्या होत्या.

२०२० साली बोटी थांबल्या आणि ते घरी आले. पहिले दोन महिने फार कठीण गेले. ते रात्र रात्र बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) बसून राहायचे. मग हळूहळू विहिरीच्या बाजूला तांबडी भाजी, भेंडी, वाल लावले. पावाची भट्टी असलेल्या शेजाऱ्याला पहाटे मदत करू लागले. संध्याकाळी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, आमच्याबरोबर गुडघे टेकू लागले. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. तो पहिल्या दिवशी आल्ताराजवळ (घरातल्या वेदीजवळ) बसलेल्या बापाकडे वळून वळून बघत होता, नावाने ओळखायचा त्या माणसाला, सवय नव्हती. आता तो त्यांच्या मांडीवर बसल्याशिवाय ‘नमान मारिये’ ही मरियमातेची प्रार्थना म्हणत नाही.

बोटी पुन्हा सुरू झाल्या, बोलावणं आलं. आम्ही दोघांनी खूप प्रार्थना केली, भांडलोही. सासूबाईंना वरचा मजला हवा होता आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आयुष्यभर कौलांतून गळणारं पाणी काढलंय. शेवटी यजमानांनी इथेच एका उपाहारगृहात नोकरी धरली. बोटीवरच्या मानाने पगार बराच कमी. मुलांचे वाढदिवस घरच्या केकवर होतात, कपडे नाताळला एकदाच. पण रोज रात्री आम्ही सगळे एका ताटाभोवती असतो. सळया अजून गच्चीवर तशाच आहेत, गंजल्यात. येणारे-जाणारे विचारतात, मजला कधी? मी सांगते, आम्हाला खालचा पुरतो. सासूबाईंचा राग अजून पुरता गेलेला नाही, पण मुलगा रोज संध्याकाळी दिसतो हे त्या शेजारणीला कौतुकाने सांगताना मी ऐकलंय.

म्हापसा परिसर

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहिते. मिलाग्र सायबिणीला (इथल्या चर्चमधल्या मरियमातेला) आम्ही हिंदू लईराई देवीची बहीण मानतो, फेस्ताला तेल घेऊन जातो, तेव्हा या घरात मी परकी नाही.

शेजारी एक वयस्क बाई एकट्या राहायच्या. तीन साड्या, दोन फ्रॉक. पदेराकडून (पाववाल्याकडून) रोज दोन पोई (गोव्याचे पाव) घ्यायच्या, एक स्वतःला, एक माझ्या मुलीला. मी म्हणायची, आजी, कशाला? त्या म्हणायच्या, एकटीने खाल्लेली पोई गळ्याखाली उतरत नाही गो. त्या गेल्यावर घर आवरायला मदत केली तेव्हा कपाटात नवीन काहीच नव्हतं, पण त्यांच्या मयताला अख्खा वाडा लोटला होता. मी तेव्हापासून घरात नवीन काही आणण्याआधी दोनदा विचार करते. उपवास-व्रतं मी आधीही करत होते, त्यांच्यामुळे त्यात देणं आलं.

पर्वरी, आयटीत नोकरी

वसईचा आहे, इथे तीन मित्रांबरोबर भाड्याने राहतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे आमच्या उपवासकाळात, बाहेरून जेवण मागवायचं नाही आणि वाचलेले पैसे पॅरिशच्या पेटीत टाकायचे, असं ठरवलं. दोघे मित्र ख्रिस्ती नाहीत, तेही सामील झाले. डाळ, भात, अंड्याचं कालवण, शुक्रवारी नुसती भाजी. ईस्टरनंतरही सवय राहिली, कारण रात्री एकत्र स्वयंपाक करताना जे बोलणं होतं ते आधी होतच नव्हतं. आधी चौघे चार खोल्यांत मोबाइलवर बघत जेवायचो. एवढंच.

सांकवाळ, बांधकाम पर्यवेक्षक

आमच्या गावाच्या संताचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. संत जुझे वाझ, जन्म १६५१, आजोळी बाणावलीला, घर सांकवाळचं. १६८७ मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेला गेले, कारण डच सत्तेखाली कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी होती. कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना टाकून पळाले, हे त्यांची सेवा करत राहिले. १७११ साली तिथेच देह ठेवला, गोव्याला परतले नाहीत. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं.

साधं राहायचं ते कशासाठी, याचं उत्तर मला त्यांच्यात मिळतं. ज्याच्या मागे सामानसुमान नाही तो हाक आली की उठून जाऊ शकतो. मी संत नाही, संसारी माणूस आहे, पण साइटवरचा मजूर रात्री-अपरात्री आजारी पडला तर मी जाऊ शकतो, कारण हप्ते फेडण्यासाठी दुसरी नोकरी धरलेली नाही. गाडी जुनी आहे, कर्ज नाही.

वास्को, गृहिणी

सगळं वाचून बरं वाटलं. माझा प्रश्न मुलांचा. आम्ही मोठे समजून घेतो, पण शाळेत मित्रांकडे सगळं असतं. त्यांना कसं सांगायचं?

बाणावली, माहेर सावंतवाडी

आम्ही नाही म्हणताना कारण लपवत नाही. पैसे नाहीत तर नाहीत म्हणून सांगतो, असून घ्यायचं नसेल तर तेही सांगतो. खोटं कारण दिलं की मुलांना लाज वाटायला लागते.

मडगाव, धागाकर्ती

माझ्या नातवंडांच्या बाबतीत डबा कामी आला. महिन्यातून एकदा डब्यातले पैसे कोणाला द्यायचे ते मुलांनी ठरवायचं आणि स्वतः नेऊन द्यायचे. धाकटीने मागच्या वेळी पदेराच्या सायकलची ट्यूब फाटली होती, त्याला दिले. बाकीच्यांनीही आपल्या घरातलं लिहा. विशेषतः ज्यांच्याकडे हे जमलं नाही त्यांनी लिहावं, कुठे अडलं ते सांगावं.