प्रतिसाद: पत्रकारिता शिकायला पुण्यात यावं का?
वर विचारलंय की सगळं मोबाइलवर शिकता येत असताना पत्रकारितेसाठी पुण्यात खोली घेऊन राहायचं कशाला? माझं म्हणणं, जमत असेल तर नक्की या. पुणे विद्यापीठाचा हा विभाग १९६४ पासूनचा, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. त्याच आवारात परकीय भाषाही शिकवतात, त्यामुळे चहाला जर्मन-फ्रेंचवाली मंडळी भेटतात.

माझ्या पहिल्या बातमीचे सुरुवातीचे दोन परिच्छेद सरांनी लाल पेनाने सरळ खोडले आणि तिसऱ्यातलं पाणीकपातीचं वाक्य बाण काढून वर नेलं. "बातमी इथे आहे," एवढंच म्हणाले. तो कागद मी अजून जपलाय. मोबाइलवर असा बाण कोण काढून देणार?

आणि विद्यापीठाचं १०७.४ एफएमवरचं ‘विद्यावाणी’ केंद्र आवर्जून ऐका.