पेट्रोलचा काटा भरवशाचा नाही, मेकॅनिक म्हणतोय पूर्ण मीटरच बदला. काय करू?

सातारा_ते_पुणे:
नमस्कार मंडळी. बाईक २०२१ची, १६० सीसी, बीएस-६, एफआय (फ्युएल इंजेक्शन, कार्बोरेटर नाही), डिजिटल मीटर, पेट्रोलच्या ६ दांड्या, टाकी १२ लिटरची. गेल्या पावसाळ्यापासून पेट्रोलचा आकडा वाट्टेल तसा दाखवतोय. फुल टाकी केली की वरच्या दांड्या नीट एकेक करून कमी होतात पण अर्ध्याच्या आसपास आलं की एकदम शेवटची दांडी लुकलुकायला लागते, मग खड्डा आला किंवा गाडी थांबवून परत चालू केली की पुन्हा तीन दांड्या. परवा पुण्याहून येताना खंबाटकी चढताना दोन दांड्या होत्या, घाट उतरून वेळे गावाच्या अलीकडे गाडी गप्प. झाकण उघडून बघितलं तर टाकी कोरडी. रात्रीची वेळ, मागे घरची मंडळी बसलेली, ट्रक अंगावर येतायत, म्हणजे नुसता वैताग नाही, भीती वाटली.
गॅरेजवाल्याने दोन मिनिटं गाडी बघितली आणि सांगितलं की डिजिटल मीटर गेलाय, पूर्ण बदलावा लागेल, सात-आठ हजार धरून चाला. बाकी मीटरवर स्पीड, ट्रिप, घड्याळ सगळं नीट चालतंय. नक्की दोष कुठं असतो आणि घरी काय तपासता येईल? मल्टीमीटर आहे, वापरता येतो.

ओहम_काका:
थांब जरा, मीटर अजिबात बदलू नकोस. बाकी सगळं चालतंय आणि फक्त पेट्रोलच चुकतंय, त्यातही नेमकं अर्ध्याजवळच चुकतंय, म्हणजे संशय सगळ्यात आधी टाकीतल्या फ्लोट युनिटवर घ्यायचा. त्यात पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट असतो, त्याला तारेचा दांडा, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पितळेची नाहीतर तसल्याच धातूची बारीक बोटं, जी एका रेझिस्टन्सच्या पट्टीवरून घासत फिरतात. पेट्रोल खाली गेलं की फ्लोट खाली, बोटं सरकतात, ओहम (रेझिस्टन्सचं माप) बदलतात आणि मीटर त्यावरून दांड्या ठरवतो. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण ठराविक जागी आलं की खरखर करायचं ना, इथंही तेच होतं, पट्टी ज्या जागी झिजली किंवा काळी पडली तिथं कॉन्टॅक्ट सुटतो आणि मीटरला वाटतं टाकी रिकामी.
आता तपासायचं कसं. चावी बंद कर, सीट काढ, टाकीखालून येणारा फ्लोटचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) शोध (बऱ्याच गाड्यांत दोन वायरी असतात, पंपाचा वेगळा असतो किंवा दोन्ही एकाच कपलरमध्ये असतात, वायरिंगचा रंग मॅन्युअलमध्ये बघ). कपलर सोडव, मल्टीमीटर २०० ओहमवर ठेव आणि टाकीकडच्या वायरींवर लाव. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन हळूहळू डावी-उजवी डोलव. आकडा थोडा इकडे-तिकडे होईल ते ठीक, पण मध्येच आकडा जाऊन डावीकडे नुसता १ दिसायला लागला तर सर्किट तुटतंय, दोष टाकीत. कितीही हलवलं तरी आकडा शांत असेल तर मग कपलरच्या पुढची वायर, अर्थ आणि सगळ्यात शेवटी मीटर.
बऱ्याच गाड्यांत फुलला ओहम अगदी कमी आणि रिकाम्याला शंभरच्या जवळपास असतात, पण काहींत बरोब्बर उलटं असतं, म्हणून माझा आकडा धरून बसू नकोस, आपल्या मॉडेलचा बघ. आकड्यापेक्षा तो सलग बदलतोय की उड्या मारतोय हे महत्त्वाचं.

चिपळूण_राईडर:
काका बरोबर आहेत पण पावसाळ्यापासून सुरू झालंय म्हणतोय तर टाकी उघडायच्या आधी कपलर नीट बघ दादा. आमच्याकडे कोकणात अर्ध्या गाड्यांचा हाच रोग. टाकीखालच्या कपलरच्या पिना हिरव्या होतात, वरून दिसत नाही, कपलर सोडवून उजेडात धरलं की कळतं. वॉशिंगवाले प्रेशर मारतात ते पाणी थेट तिथंच जातं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, जुन्या टूथब्रशने घासायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (पिनांना ओल लागू न देणारं). फ्रेमला जिथं अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते तो बोल्टपण सोडवून खालचा गंज काढ. अर्थ ढिला असल्याची एक खूण सांगतो, इंडिकेटर चालू केला किंवा ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा किंवा दांड्या हलतात. हे काट्याच्या मीटरला जास्त कळतं, डिजिटलमध्ये मीटर आकडा सावकाश बदलतो त्यामुळे पटकन दिसत नाही.
अजून एक, टाकीच्या झाकणाच्या खाचेत पावसाचं पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं की पाणी झाकणाच्या रबरावर साचून आत झिरपतं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट खाली तळाला बसतं. तिथंच पंप, तिथंच फ्लोटचा खालचा भाग. मग गंज आणि काळा थर येणारच. ते भोक बारीक तारेने मोकळं कर, पाच मिनिटांचं काम आहे.

गॅरेज_कोल्हापूर:
मी स्वतः गॅरेज चालवतो. मीटर गेल्याच्या केस येतात पण लई कमी, आणि मीटर जाताना सहसा डिस्प्लेच जातो किंवा आत पाणी जाऊन धुकं धरतं. एकटं पेट्रोलच बिघडलं तर नव्वद टक्के फ्लोट नाहीतर वायरिंग, हे मी माझ्या बघण्यातलं सांगतोय. आणि मीटर बदलला की किलोमीटर शून्यावर येतात हे गिऱ्हाईकाला कोणी सांगत नाही. बदलायचाच झाला तर जुने किलोमीटर बिलावर लिहून घ्या, गाडी विकताना तेच विचारतात.
तुम्ही फ्लोट घरी काढणार असाल तर माझं ऐका, एफआय गाडी आहे, कार्बोरेटरसारखं नाही. पेट्रोलच्या पाइपात प्रेशर असतं, बहुतेक गाड्यांत ३ बारच्या आसपास. पाइप तसाच ओढला तर तोंडावर फवारा येतो. आधी पंपाचा कपलर काढा, गाडी स्टार्ट करा, ती आपोआप बंद पडेल, अजून दोन सेल्फ मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, मगच पाइपाला हात लावा आणि तेव्हाही खाली कापड धरा. इंजिन गार पाहिजे. काम उघड्यावर करा, देवघरातला दिवा, गॅस, विडी-सिगरेट काही जवळ नको. टाकी शक्यतो रिकामी असतानाच काढायची, भरलेली उलटी करायला गेलं की सगळं अंगावर.
फ्लोट युनिटचे नट ८ किंवा १० नंबरच्या पान्याला येतात, समोरासमोरचे थोडे थोडे सोडवा, आवळतानापण तसंच. आतली रबर रिंग नवीनच टाका. पेट्रोलमध्ये राहून ती फुगते आणि परत खाचेत बसत नाही, जबरदस्तीने बसवली की टाकी गळते आणि खाली गरम इंजिन. रिंगचे पैसे वाचवायचे नाहीत. युनिट बाहेर काढताना दांडा वाकवू नका, तिरकं करून सावकाश काढा. दांडा वाकला की काटा कायमचा खोटं बोलणार.
बाहेर आल्यावर फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटलाय, तो बुडतो, मग टाकी फुल असली तरी रिकामी दाखवते. तुमच्या केसमध्ये ते नसावं, वरच्या दांड्या नीट दाखवतोय म्हणजे तरंगतोय.

पाभळ_ते_पिंपरी:
हे सगळं होईपर्यंत ट्रिप मीटर वापर भावा. जुन्या गाड्यांना रिझर्व्हचा कॉक होता, गाडी गुदमरली की कॉक फिरवायचा आणि पंप गाठायचा, एफआयला ती सोय नाही. कोरडी चालवली तर टाकीतला मोटरपंप खराब होतो कारण त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. फुल टाकी कर, नोझल आपोआप बंद होईपर्यंतच, ट्रिप शून्य कर. ॲव्हरेज ४५ धरलं तर १२ लिटरमध्ये ५४० किलोमीटर, पण मी तरी ४०० झाले की भरतो, घाट आणि डबल सीट असेल तर ३५०.
आणि तीनशे-तीनशेचं पेट्रोल टाकायची सवय असेल तर ती सोड, तीनशेत धड तीन लिटर येत नाही. त्यामुळे फ्लोट कायम खालच्या अर्ध्यातच वर-खाली घासत राहतो आणि पट्टी तिथंच झिजते.

सातारा_ते_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसलो. कपलरच्या पिना थोड्या हिरव्या होत्या, साफ केल्या, चावी फिरवली, पण फरक नाही. मग काकांनी सांगितलं तसं कपलर सोडवून गाडी डोलवली, आकडा थोडा इकडे-तिकडे झाला आणि मध्येच नुसता १. म्हणजे टाकीतच. पाइपाचं प्रेशर सांगितल्याप्रमाणे काढलं तरी चमचाभर पेट्रोल आलंच, न काढता ओढला असता तर अवघड होतं.
फ्लोट बाहेर काढून हाताने फिरवला. वरपासून १२ ओहम, मग सलग ४५ पर्यंत, तिथून पुढं बोटभर जागेत आकडाच नाही, मग ६०ला परत येतो आणि ९५ला संपतो. पट्टीवर त्याच जागी काळी रेघ दिसतेय, भिंगातून बघितलं तर बोटांनी अक्षरशः चर पाडलाय. फ्लोट हलका आहे, आत काही नाही. झाकणाचं भोकसुद्धा बुजलेलंच निघालं. आता पट्टी पॉलिश पेपरने घासू का नवीन युनिट घेऊ?

ओहम_काका:
पॉलिश पेपर नको! पट्टीवरचा रेझिस्टन्सचा थर अगदी पातळ असतो, पेपरने तोच निघून जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन हलक्या हाताने पूस, नुसता काळा थर असेल तर तेवढ्याने आकडा परत येतो. चर पडलाय म्हणतोस तर पुसून काही दिवस चालेल आणि परत तेच. बोटं चिमट्याने केसभर बाजूला वाकवून न झिजलेल्या जागेवरून फिरवतात काही जण, जमतं, पण टाकी परत परत काढण्यापेक्षा नवीन युनिट टाकलेलं बरं.

गॅरेज_कोल्हापूर:
नवीनच घ्या. पार्टच्या काउंटरवर चेसिस नंबर सांगून विचारा, काही मॉडेलला फ्लोट सुटा मिळतो, काहींना पंपासकट अख्खी असेंब्ली घ्यावी लागते, भावात लई फरक पडतो. लोकल घेऊ नका, ओहम जुळत नाहीत आणि दांड्या चुकतात. बसवायच्या आधी नवा फ्लोटसुद्धा हाताने फिरवून मल्टीमीटरवर बघा, मग गाडी मेन स्टँडवर ठेवून एकेक लिटर पेट्रोल ओता आणि कुठल्या लिटरला कुठली दांडी येते ते लिहून ठेवा, प्रत्येक वेळी चावी बंद करून चालू करा म्हणजे मीटर लगेच नवीन आकडा घेईल. टाकी फ्रेमवर दोन्ही बाजूंनी उतरलेली असते, त्यामुळे सगळ्या दांड्या सारख्या लिटरच्या नसतात, शेवटच्या दोन भराभर जातात.

सातारा_ते_पुणे:
सुटा मिळतोय माझ्या मॉडेलला, आत्ताच फोन करून विचारलं, रिंगसकट बाराशेच्या आत. शनिवारी येईल. लिटर आणि दांड्यांचं कोष्टक झालं की इथंच टाकतो.