उंची वाढेल या आशेने टेस्टोस्टेरॉन लवकर सुरू करावे काय?

रामबागकर, इंदूर:
माझ्या परिचयातील 20 वर्षांच्या एका ट्रान्स पुरुषाने (जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष मानणारा) टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेण्यास सुरुवात केली असून, ‘वर्षभरात तीन-चार इंच वाढशील’ असे त्याला जिममध्ये सांगण्यात आले आहे. असे होत नाही. उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या चकत्यांमुळे, ज्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या बहुतेकांमध्ये त्या साधारण 14 ते 16 या वयात मिटतात, आणि पहिल्या पाळीनंतर सरासरी पाच ते सात सेंटिमीटरच वाढ शिल्लक असते. त्या मिटल्यावर टेस्टोस्टेरॉनने आवाज फुटतो, दाढी येते, स्नायू भरतात, हिमोग्लोबिन वाढते. हाड मात्र लांब होत नाही. माझे मत असे की, या उपचाराचा निर्णय घेताना उंचीचा विचार मुळीच करू नये, कारण त्यातून निराशा तरी पदरी पडते किंवा कोवळ्या वयात घाई तरी होते.

तिलकनगरवासी:
वीस वर्षांच्या तरुणाबद्दल आपण लिहिले ते मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. बारा-तेरा वर्षांच्या ट्रान्स मुलाच्या चकत्या सहसा उघड्या असतात. पुरुष स्त्रियांपेक्षा सरासरी सुमारे 13 सेंटिमीटर उंच असतात, त्याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांची वयात येतानाची झपाट्याची वाढ सुमारे दोन वर्षे उशिरा येते, आणि तोवरची संथ वाढ त्यांच्या पदरात पडलेली असते. म्हणजे येथे सगळा प्रश्न वेळेचा आहे. ज्याची वेळ अजून गेलेली नाही, त्याला ‘उंचीचे नाव काढू नकोस’ असे सांगणे म्हणजे माहिती दडवणे होय.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ, स्नेहलतागंज:
वेळेचा मुद्दा बरोबर आहे, पण तो टेस्टोस्टेरॉन लवकर देण्याच्या बाजूने जातो असे समजू नये; खरे तर तो उलट जातो. चकत्या मिटवण्याचे काम मुलांत आणि मुलींत, दोघांतही, मुख्यतः इस्ट्रोजेन हे स्त्रियांत अधिक असणारे संप्रेरक करते. 1994 मध्ये अमेरिकेत एका 28 वर्षांच्या पुरुषाचे उदाहरण प्रसिद्ध झाले. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते, परंतु जनुकीय दोषामुळे इस्ट्रोजेनचा परिणाम होत नव्हता. तो 204 सेंटिमीटर उंच होता, त्याच्या चकत्या उघड्या होत्या आणि उंची अजून वाढतच होती. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अरोमॅटेज या विकरामुळे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून ते आधी वाढीला वेग देते आणि मग तेच वाढीचे दार लावते. फार उंच होण्याची शक्यता असलेल्या मुलांची वाढ थांबवण्यासाठी एकेकाळी टेस्टोस्टेरॉनच्या मोठ्या मात्रा देत असत, हे आजच्या पालकांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही. जिममध्ये मनाने मोठी मात्रा टोचून घेणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची उरलेली वाढही त्यातून जाऊ शकते.

तिलकनगरवासी:
डॉक्टरसाहेब, म्हणूनच नेदरलँड्समध्ये रूढ झालेल्या पद्धतीत प्रथम यौवनारंभ थांबवणारी औषधे देतात आणि टेस्टोस्टेरॉन नंतर, हळूहळू वाढत्या मात्रेत देतात. पहिल्या टप्प्यात वाढ मंदावते, पण चकत्याही सावकाश पिकतात. पुढे टेस्टोस्टेरॉनने झपाट्याची वाढ होते, आणि अंतिम उंची अपेक्षेपेक्षा काही सेंटिमीटर अधिक भरू शकते. हे थोडे असेल, पण शून्य नाही.

तोफखान्यातील एक आई:
त्या काही सेंटिमीटरांची किंमतही लिहावी. ही थांबवणारी औषधे चालू असताना हाडांची घनता वयाच्या मानाने मागे पडते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने मार्च 2024 मध्ये ही औषधे ट्रान्स मुलांना सरसकट देणे बंद केले, ते पुरावा अपुरा असल्याचे सांगूनच. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांतही टेस्टोस्टेरॉनसाठी साधारण 16 हे वय धरले आहे, त्याआधी देण्यास सबळ कारण लागते. आणि त्या वयात बहुतेकांची वाढ संपत आलेली असते. बारा वर्षांच्या लेकराच्या वतीने संमती आम्ही पालक देणार, आणि परिणाम भोगणार ते. उंचीसाठी ही जोखीम मी घेणार नाही.

स्वानुभवी, विजयनगर:
मी ट्रान्स पुरुष आहे, उंची 157 सेंटिमीटर, उपचार तेविसाव्या वर्षी सुरू झाले. वरील चर्चेत उंची ही जणू हौस आहे असा सूर दिसतो, तो मला खटकतो. दाढी आल्यावर माझ्याकडे वळून पाहणारे कमी झाले, हे खरे. परंतु पहिली दोन वर्षे ठेंगणेपणामुळे सिटी बसमध्ये मला शाळकरी मुलगा समजून ‘बाळ’ म्हणत, आणि नोकरीच्या मुलाखतीत वय पुन्हा पुन्हा विचारत. रामबागकरांनी हा विषय वर्ज्य ठरवला, हे म्हणूनच चूक आहे. विषय वर्ज्य केला की मुले जिममध्येच विचारतात. त्याच वेळी तिलकनगरवासी ज्या मुलांबद्दल लिहितात, तशी बारा वर्षांची, घरी बोलू शकणारी, तज्ज्ञापर्यंत पोचलेली मुले आपल्या शहरातील मराठी घरांत कितीशी असतील? आमच्यापैकी बहुतेकांना शब्द सापडेपर्यंत चकत्या मिटलेल्या असतात.

रामबागकर:
वर्ज्य म्हणालो ते निर्णयापुरते; बोलू नये असे मी म्हटलेले नाही. तरीही ‘काही सेंटिमीटर’ हे आमिष ठरते, यावर मी ठाम आहे.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ:
आमिष आणि माहिती यांतील फरक डाव्या हाताच्या एका एक्स-रेने कळतो. मनगट व बोटांच्या हाडांवरून हाडांचे वय ठरवता येते. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाच्या चकत्या मिटलेल्या दिसल्या, तर उंचीची चर्चा तेथेच संपवावी. उघड्या दिसल्या, तर अंतःस्रावतज्ज्ञाने मात्रा ठरवताना ती बाब लक्षात घ्यावी. रामबागकर, वीस वर्षांच्या आपल्या परिचितासाठी एक्स-रेचीही गरज नाही, मात्र त्याचे हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, जे टेस्टोस्टेरॉनने वाढते) नियमित तपासले जाते की नाही, हे जरूर विचारा.