मदत हवी आहे : काचेचे बारीक कण आणि मायक्रो-एक्सआरएफ

धडक देऊन पळालेल्या गाडीचं प्रकरण आहे. मृताच्या शर्टातून काचेचे मोजकेच कण मिळाले, सगळे १ मिलिमीटरहून लहान. संशयित गाडीच्या विंडशील्डचा नमुना हाताशी आहे. सिलिकॉन ऑइल आणि हॉट स्टेज (सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तापवणारी बैठक) वापरून अपवर्तनांक (काच प्रकाश किती वळवते तो आकडा) काढला, दोन्हींचा १.५२ च्या आसपास, फरक करता येत नाही. पण बहुतेक फ्लोट काच (गाड्या-खिडक्यांना वापरतात ती सपाट काच) याच पट्ट्यात येते. तेवढ्यावर मत देणं मला योग्य वाटत नाही, कुणाच्या तरी शिक्षेचा प्रश्न आहे. लेझर ॲब्लेशन (लेझरने कणाचा अंश उडवून त्यातली मूलद्रव्यं मोजणं) आमच्याकडे नाही, शिवाय फेरतपासणीसाठी कण शाबूत ठेवायचे आहेत. मायक्रो-एक्सआरएफ (बारीक क्ष-किरण झोताने, नमुना न मोडता मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) आहे, मात्र कणाची जाडी कमी असली की आकडे हलतात. विंडशील्डचे तुकडे फोडून कणांच्याच आकाराचे घेतले आणि कॅल्शियम-लोह, स्ट्रॉन्शियम-झिरकोनियम ही गुणोत्तरं ताडली, तर ती तुलना उलटतपासणीत टिकेल का?