फटी बुजवा, पण कुठल्या?

सी-१०१: दोन रजया घेऊनसुद्धा रात्रभर पाय गारठलेलेच. तळमजल्यावर तर फरशीतूनच थंडी चढते. ह्यांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे काळजी वाटते. कुणी काही उपाय करून बघितले असतील तर सांगा. सुविचारांचे फोटो नकोत.

ए-३०४: काकू, आधी फटी शोधा. खिडकीच्या कडेशी पातळ कागद धरा, फडफडला की समजायचं तिथून वारा येतोय. स्लायडिंग खिडक्यांच्या कडेची लव झिजलेली असते, ती बदलून मिळते. दाराखाली जुन्या चादरीची वळकटी लावा. आम्ही तर बाथरूमच्या खिडकीलाही पुठ्ठा ठोकला. आंघोळीला कुडकुडणं बंद!

बी-२०२: दादा, तुमच्या बाथरूममध्ये गिझर कसला आहे?

ए-३०४: गॅसचा. का हो ताई?

बी-२०२: पुठ्ठा आत्ता काढा. ड्यूटीवर आहे, सविस्तर नंतर लिहिते. पण पुठ्ठा आधी काढा.

ए-४०२: घ्या, आता पुठ्ठ्याचीही भीती! आम्ही लहानपणी कोळशाची शेगडी खोलीच्या मधोमध ठेवून झोपायचो. आहोत की अजून धडधाकट.

सी-३०३: काका, त्या घरांच्या दारा-खिडक्यांतून इतका वारा यायचा की धूर आपोआप बाहेर जायचा. आपल्या फ्लॅटमध्ये हवा जाईल कुठून?

ए-४०२: बरं बरं. तरुण पिढीला उत्तरं तयारच असतात.

बी-२०२: आता लिहिते. कोळसा, लाकूड किंवा गॅस बंद जागेत जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी त्याला घट्ट धरून ठेवतं, म्हणून शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं पित्त झालं असेल, आणि तो आडवा होतो. झोपेत गाठलं तर जागही येत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर गोळी घेऊन परत आत झोपू नका. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि दवाखाना गाठा.
काका, धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक नसतात. उलट धुमसणाऱ्या निखाऱ्यातून हा वायू भरपूर निघतो.

ए-३०४: पुठ्ठा काढला. गिझर बाहेरच्या बाल्कनीत हलवता येतो का, ते प्लंबरला विचारतो. तोवर बादली भरून घेऊन गिझर बंद केल्यावरच आंघोळ.

बी-२०२: हे बरं. खिडकी मात्र उघडीच ठेवा.

सी-१०१: अगं पण माझ्या पायांचं काय?

ए-१०२: 😄 काकू, खोली तापवण्याच्या मागे लागू नका, माणूस तापवा. दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. विजेचं ब्लँकेट साधारण शंभर वॉटचं असतं, आठ तासांना एक युनिटही होत नाही. फक्त ते घडी घालून चालू करू नका. आणि एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला, मधे अडकलेली हवा ऊब धरते. अंगावर दोन रजया आहेत ना, त्यातली एक अंगाखाली घालून बघा. थंडी फरशीतून येते म्हणता, मग वरून कितीही पांघरलं तरी काय उपयोग?

सी-१०१: हे खरंच सुचलं नव्हतं. गरम पाण्याची पिशवी चालेल?

बी-२०२: चालेल, पण उकळतं पाणी नको. दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, वर कापड गुंडाळा. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर पायाशी ठेवूच नका, भाजलेलं कळत नाही. तुमच्याकडे काकांना दमा आहे, त्यांच्या खोलीत मात्र हीटर असू द्या. वयस्कर माणसांना थंडी वाजतेय हे उशिरा जाणवतं आणि गारठ्यात रक्तदाबही वाढतो. जागतिक आरोग्य संघटना घरात निदान १८ अंश ठेवा म्हणते.

सी-३०३: आणि बाळाला? आमचं सात महिन्यांचं आहे.

बी-२०२: अंगाला नीट बसणारे जास्तीचे कपडे घाल. झोपेत टोपी नको, सुटी दुलई नको, तोंडावर येते. हात-पाय गार लागले तर घाबरू नकोस, मान आणि छाती हात लावून बघ.

बी-४०१: काल रात्री आमच्या मजल्यावर तीनदा एमसीबी (लोड वाढला की वीज तोडणारा स्विच) पडला. कोण काय लावतंय?

ए-१०२: हीटर सहा अँपिअरच्या सॉकेटला लावला असेल. दोन हजार वॉट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. सोळाचं सॉकेट हवं, आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पडदा, गादी, वाळत घातलेले कपडे हीटरपासून तीन फूट लांब. घरात कपडे वाळवूच नका खरं तर, दमट होऊन भिंतींना बुरशी धरते. आणि काकू, दम्याला तीही वाईटच.

ए-३०४: सेक्रेटरी साहेब, एक विचारू? गेटवरच्या केबिनला रात्री दार लावून आत शेगडी पेटलेली मी बघितली आहे.

ए-४०२: अरे देवा. ती मीच दिली आहे त्याला. कुडकुडत होता बिचारा.

बी-२०२: काका, शेगडी बाहेर, उघड्यावर शेकायला ठेवू द्या. आत नको, विझत आलेलीही नको.

सेक्रेटरी: वॉचमनला आत्ताच फोन केला, शेगडी बाहेर काढली आहे. केबिनमध्ये सोळा अँपिअरचं सॉकेट नाही, उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो. तोवर रात्रीची ड्यूटी लॉबीत बसून करू दे. दारावर लक्ष राहतं, वारा लागत नाही.

ए-४०२: माझ्याकडे जास्तीचं घोंगडं आहे. लिफ्टने खाली पाठवतो, कुणीतरी घ्या.

सेक्रेटरी: पाठवा काका. आणि ज्यांच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे त्यांनी फ्लॅट नंबर इथेच टाका, प्लंबर एकदाच सगळीकडे फिरेल.

ए-३०४: ए-३०४.

बी-१०३: बी-१०३. आमची तर खिडकीच कपाटामागे गेली आहे.

बी-२०२: मग आज गिझर लावू नका, पाणी गॅसवर तापवा. स्वयंपाकघराची खिडकी उघडून.