हार्ली रीडला आत्ताच डोक्यावर घेऊ नका

पर्थकर अण्णा:
२३ सामने, १ विजय. वेस्ट कोस्ट या आमच्या पर्थच्या फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) संघाच्या २०२५च्या मोसमाबद्दल खरं तर एवढंच लिहून थांबावं. तरी लिहितोय, कारण ऑगस्टमध्ये आमचा तरुण मिडफिल्डर हार्ली रीड यानं करार २०२८ पर्यंत वाढवला आणि तेव्हापासून पर्थच्या आपल्या मंडळींत जो आनंदीआनंद चाललाय, तो काही माझ्या घशाखाली उतरत नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतसुद्धा तेच. "अण्णा, पोरगा राहिला हो!" राहिला, छान झालं. पण राहिलंय काय, ते तरी नीट बघा.

माझ्या मते रीड अजून क्षणांचा खेळाडू आहे, सामन्याचा नाही.

२०२४चा 'गोल ऑफ द इयर' मिळवून देणारा तो मेलबर्नविरुद्धचा गोल मी पर्थच्या ऑप्टस स्टेडियममध्ये बसून पाहिलाय. मधून चेंडू घेऊन सुटला, अंगावर येणाऱ्यांना झटकलं आणि धावता धावता लाथ हाणली. माझ्या अंगावरही काटा आला, नाही कशाला म्हणू? पण मिडफिल्डरचा पगार काट्यासाठी नसतो. मध्यभागी रकनं, म्हणजे उडी मारून चेंडू झगडणाऱ्या उंच गड्यानं, चेंडू टोलवला की त्या धक्काबुक्कीत शिरून तो बाहेर काढायचा, आणि चेंडू समोरच्यांकडे गेला की तितक्याच जिवानं उलटं पळायचं, हे त्याचं काम. ते उलटं पळणं मला दिसत नाही. पहिल्या क्वार्टरला वाघ, चौथ्याला कमरेवर हात. २०२३च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकानं घेतलेल्या खेळाडूकडून दोन मोसमांनंतर याहून जास्त मागायचं नाही का?

डॉकरवाली:
अण्णा, मी फ्रीमँटलची, पर्थच्याच दुसऱ्या संघाची. म्हणजे रीडचं कौतुक करायला मला कोणी बांधलेलं नाही, उलट तो फसला तर माझा फायदा. तरी सांगते, तुमचा चष्मा बदला.

एप्रिल २०२४ची आपल्या दोन संघांतली डर्बी आठवते? आम्ही ३७ गुणांनी हरलो. मोसमाआधी तुमच्या संघाला कोणी विचारत नव्हतं. त्या दिवशी हा नुकता एकोणीस पूर्ण केलेला मुलगा चेंडूपाशी आला की आमच्या बाजूच्या स्टँडमध्ये लोक बोलायचे थांबत होते. अशी भीती मला डर्बीत फार थोड्या खेळाडूंची वाटली आहे.

आणि 'चौथ्या क्वार्टरला कमरेवर हात' म्हणताय, तर बाकीच्या सतरा जणांचे हात कुठे होते तेही बघा. २०२५मध्ये तुमचा संघ बहुतेक वेळ चेंडूच्या मागेच पळत होता. चेंडू हातात घेऊन पळणारा कमी दमतो आणि त्याच्या मागे पळणारा जास्त. मग दोष एकट्या पोराच्या दमाचा कसा?

कॉलिंगवूडचा जावई:
सासुरवाडी मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबची, त्यामुळे त्यांच्या निक डेकॉसचं नाव काढल्याशिवाय मला जेवण मिळत नाही. पण इथे ते काढायलाच हवं. २०२२मध्ये आला, त्याच वर्षी रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम नवोदिताचा किताब. २०२३मध्ये प्रीमियरशिप (लीगचं विजेतेपद), ब्रिस्बेनवर फक्त ४ गुणांनी. २०२४च्या ब्राउनलोमध्ये (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकासाठी) ३८ मतं घेऊनही दुसरा, कारण कार्लटनच्या क्रिप्सनं ४५चा विक्रम केला. याला म्हणतात मिडफिल्डर. दर सामन्याला हजेरी. रीडला २०२४मध्ये रायझिंग स्टारही मिळाला नाही, तो जिलाँगच्या ऑली डेम्प्सीनं नेला. अण्णांशी सहमत.

डॉकरवाली:
जावईबापू, डेकॉसच्या घरात फूटीचं बाळकडू होतं. वडील पीटर डेकॉस कॉलिंगवूडचेच मोठे खेळाडू, फादर-सन नियमानं मुलगा थेट त्याच क्लबात. शिवाय मिळाला तयार संघ. तुलनाच चुकीची आहे.

कॉलिंगवूडचा जावई:
तयार संघ? २०२१मध्ये कॉलिंगवूड १७वं होतं ताई. अठरा संघांत सतरावं.

डॉकरवाली:
१७वं होतं, हे मी विसरले होते, मान्य. पण त्या सतराव्या संघात पेंडलबरी आणि साइडबॉटम होते ना? दोघं २०१०च्या प्रीमियरशिपमधले. अवघड चेंडू कोणी काढायचा, पोराला कधी मोकळं सोडायचं, हे माहीत असलेली माणसं आजूबाजूला होती. रीड मैदानात उतरला की समोरच्यांचा सगळ्यात चिवट माणूस त्याला चिकटतो, आणि ते टॅग सोडवायला त्याच्या बाजूनं फार कोणी येत नाही.

ऑफस्टंप:
मी ऑप्टसला फक्त बुमराहसाठी गेलोय, त्यामुळे बावळट प्रश्न विचारतो. पहिला क्रमांक म्हणजे काय? आयपीएलसारखा लिलाव असतो का?

पर्थकर अण्णा:
लिलाव नाही हो. पंगतीत शेवटी बसलेल्याला आधी वाढायचं, तसं. २०२३मध्ये ३ सामने जिंकून आम्ही तळाला होतो, म्हणून पहिली निवड आमची. पोराला क्लब निवडता येत नाही, क्लब पोराला निवडतो. व्हिक्टोरियातला मुलगा मग पर्थला येतो, नाहीतर पर्थचा मेलबर्नला जातो.

बेंडिगोची माई:
अण्णांचं हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, आणि बाकी कोणी त्यावर बोलत नाहीये म्हणून लिहिते. मी बेंडिगोला राहते. रीड टोंगालाचा. इथून वर, एच्युकाच्या बाजूला, गाईगुरांचं दुधाचं गाव. तिथून तो बेंडिगो पायोनियर्सकडे खेळायला आला. डस्टिन मार्टिनही याच पायोनियर्समधून गेलेला. त्यामुळे तो हात पुढे करून समोरच्याला दूर ठेवण्याचा 'डोन्ट आर्ग्यू' दिसला की इथले लोक लगेच 'डस्टी, डस्टी' करतात. डस्टीनं अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूची तीन नॉर्म स्मिथ मेडल जिंकली. अठराव्या वर्षी एखाद्या मुलाच्या गळ्यात असं नाव अडकवणं मला आवडत नाही, पण लोक ऐकतात थोडीच.

टोंगाला ते पर्थ म्हणजे जवळजवळ अख्खा देश ओलांडायचा. माझा मुलगा अठराव्या वर्षी शिकायला ॲडलेडला गेला, तर दोन महिने मी फोन हातातून खाली ठेवला नाही, आणि ॲडलेड तर शेजारी. जेसन हॉर्न-फ्रान्सिसचं काय झालं बघा. २०२१चा पहिला क्रमांक, नॉर्थ मेलबर्नमध्ये एकच मोसम, लगेच घरच्या बाजूला पोर्ट ॲडलेडला. त्यानं चूक केली असं मी म्हणत नाही. पण रीडला तोच रस्ता मोकळा होता. मेलबर्नचे क्लब पायघड्या घालून बसले होते, संघ हरत होता, आणि तरी त्यानं सही केली. अण्णा 'काय राहिलंय' विचारतात. हे राहिलंय.

पर्थकर अण्णा:
माई, तुमच्याशी भांडायला जीव होत नाही. पण आम्हा वेस्ट कोस्टवाल्यांना सहीचं कौतुक जरा बेतानं करायला क्रिस जड यानं शिकवलंय. २००१च्या ड्राफ्टचा तिसरा क्रमांक, २००४चा ब्राउनलो, २००६च्या प्रीमियरशिपचा कर्णधार. आणि २००७ संपताच मेलबर्नला, कार्लटनमध्ये. गंमत म्हणजे त्या बदल्यात आलेला जोश केनेडी पुढे आमच्या क्लबचा सर्वाधिक गोल करणारा झाला. म्हणून मी म्हणतो, एका माणसाभोवती देव्हारा बांधू नका.

शिवाय वेळ द्या म्हणता तेव्हा बंदीही मोजा. २०२४मध्ये सेंट किल्डाच्या खेळाडूला धोकादायक टॅकल केलं आणि दोन सामने बाहेर बसला. अंगातली ती रग कुठे वापरायची आणि कुठे गिळायची, हे मिडफिल्डरला कळावं लागतं.

सन्सचा समीर:
गोल्ड कोस्टहून लिहितोय. मॅट रोवेलचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटतं. आमच्या गोल्ड कोस्ट सन्सनं घेतलेला २०१९चा पहिला क्रमांक. २०२०मध्ये पहिल्या चार-पाच सामन्यांत अख्ख्या लीगला वेड लावलं, आणि मग खांदा निखळला. २०२१च्या पहिल्याच सामन्यात गुडघा. मधली दोन-तीन वर्षं लोक म्हणत होते, घाणीला जुंपलेला बैल आहे, चेंडू उचलतो पण पुढे पाठवता येत नाही. २०२५चा ब्राउनलो कोणाला? रोवेलला, ३९ मतं. आणि आमचा संघ आयुष्यात पहिल्यांदा फायनल्समध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत. तुमच्याच ऑप्टसवर येऊन फ्रीमँटलला एका गुणानं हरवलं. (ताई, माफ करा.)

रीड उद्या रोवेल होईलच असं नाही. दोघांचा खेळही उलटा आहे. रोवेल कष्टातून घडला, रीडला देणगी आधी मिळाली आणि कष्ट आता शिकायचेत. पण दुसऱ्या मोसमानंतर शिक्का मारायला बसलो असतो, तर रोवेलवर चुकीचा शिक्का बसला असता.

डॉकरवाली:
तो एक गुण काढायची काही गरज नव्हती, समीर.

कॉलिंगवूडचा जावई:
रोवेल तंदुरुस्त असताना पळायला कधी कमी पडला नाही. दुखापत आणि दम यांची गल्लत करू नका.

सन्सचा समीर:
हा मुद्दा बरोबर आहे. दम मात्र उन्हाळ्यात कमावता येतो. दोन-तीन जणांना अंगावर घेऊन सुटायची ताकद कुठल्या जिममध्ये मिळत नाही.

पर्थकर अण्णा:
बरं, शिक्का मारत नाही. पण कौतुकही उधार ठेवतो. पुढच्या मोसमात घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला मी वही घेऊन बसणार आहे. गोल मोजणार नाही. चेंडू समोरच्यांकडे गेल्यावर शेवटच्या क्वार्टरमध्ये रीड किती वेळा मागे पळाला, तेवढंच. दहाच्या वर गेला, तर पुढच्या गणपतीला एकवीस उकडीचे मोदक माझ्याकडून.

डॉकरवाली:
वही मी तपासणार. आणि मोदक काकू करणार असतील तरच बोला, तुमच्या हातचे मागच्या वर्षी फुटले होते.