धावताना बोलणारे घड्याळ: आकड्यांवर कितपत विसंबावे?

प्रश्न: माझे वय ५८ आहे. चष्मा न लावता धावत असल्याने मनगटावरील आकडे वाचता येत नाहीत. दर किलोमीटरला वेग आणि हृदयगती कानात सांगणारे घड्याळ घ्यावे का?

उत्तर १: ताई, जरूर घ्या. गार्मिनच्या अनेक घड्याळांत ही सोय असून सूचना जोडलेल्या फोनमधून ऐकू येतात. ॲपल घड्याळातील ‘वर्कआउट बडी’ या २०२५ मधील, व्यायामात बोलून सोबत करणाऱ्या सोयीसाठीही ॲपल इंटेलिजन्स (ॲपलची कृत्रिम बुद्धिमत्ता) चालणारा आयफोन जवळ बाळगावा लागतो, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

उत्तर २: वेगाची चिंता नाही, हृदयगतीची आहे. मनगटावरील संवेदक हिरव्या प्रकाशाने त्वचेखालील रक्तप्रवाहातील बदल टिपतो; त्यामुळे पट्टा सैल असल्यास तो कधीकधी पावलांची लयच नाडी समजतो, आणि वेग एकदम वाढवल्यास आकडा मागे राहतो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत मोजत असल्याने मी तोच घड्याळाला जोडतो. ‘२२० वजा वय’ या सूत्राने तुमच्या हृदयगतीची कमाल मर्यादा मिनिटाला १६२ ठोके येते, पण ती केवळ सरासरी आहे. घड्याळातील मर्यादा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३: रस्त्यावर धावत असाल, तर कान मोकळे ठेवणारे बोन कंडक्शन (हाडांतून आवाज पोहोचवणारे) हेडफोन घ्या; मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज ऐकू येणे अधिक महत्त्वाचे आहे.